बिशपांची सूट

बिशपांचं पत्र आल्याचं कळलं, तसं गिताबाईंनी सगळ्यात आधी संत अंतोनीला तांदळाच्या डब्यातून बाहेर काढलं.

पंधरा दिवस तो तिथं डोकं खाली, पाय वर असा रुतून होता. काम होईपर्यंत संताला उलटं ठेवायचं, ही गिताबाईंची खास भक्ती. नवस त्यांना पसंत नव्हता. नवसात आपण वाकतो आणि संत निवांत बसतो, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांनी पदराने त्याच्या टकलावरची भुकटी पुसली आणि त्याच्या कडेवरच्या बाळ येशूची तेवढी माफी मागितली. "तुझी काय चूक नव्हती रं लेकरा. तू ह्याच्या कडंवर सापडलास." मग पुतळा टीव्हीवर जागच्या जागी ठेवला आणि कारेगावच्या आपल्या घरून भावाकडे आल्यापासून पहिल्यांदाच त्या स्वस्थपणे चहा प्यायल्या.

त्यांचा धाकटा भाऊ लुकस दाराजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होता. तो मालगाडीचा गार्ड. सगळ्यात मागच्या डब्यात बसायचं आणि पुढं काय चाललंय ते कळेल तेव्हा कळेल, अशी त्याला तीस वर्षांची सवय. घरातही तो तसाच बसे. इंजिन कायम आक्काच.

गाडी कुठं निघालीय ते मात्र दौंडच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीला माहीत होतं. लुकसची जसिंता गिताबाईंच्या रोहनला द्यायची, हे जसिंताच्या स्नानसंस्काराच्या दिवशीच ठरलं होतं. तेव्हा ती दीड महिन्याची होती, आणि डोक्यावर पाणी पडल्यावर ती रडली म्हणून तीन वर्षांचा रोहन तिच्यापेक्षा मोठ्याने रडला होता. मामाची पोरगी म्हणजे हक्काची. त्यात विचारायचं काय? वाघचौऱ्यांच्या घराण्यात हेच चालत आलं होतं, आणि येशूला त्याबद्दल काही वाटत असेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मग यंदाच्या मे महिन्यात जसिंता चर्चमधल्या लग्नाच्या कोर्सला गेली आणि घरी येऊन चेहरा पाडून म्हणाली, "पप्पा, चर्चच्या कायद्यात सख्ख्या आतेमामे भावंडांचं लग्न होतच न्हाई." चेहरा छान पडला होता. वकिलाकडे चार वर्षं टायपिस्ट असल्याचा तेवढा फायदा. फक्त बिशपांनी सूट दिली तर होतं, एवढंच तिने सांगितलं नाही. ते गिताबाईंनी स्वतः जाऊन फादर रेमंडकडून काढून घेतलं, बॅग भरून दौंडला आल्या, अर्ज करायला लावला आणि अंतोनीला कामाला लावलं.

आज चार वाजता फादरांकडे दोघांची लग्नाआधीची चौकशी होती आणि उद्या रविवारच्या मिस्सेत, सगळ्या चर्चसमोर, लग्नाची पहिली घोषणा.

"पोपला म्हणावं, लई नखरे केलेस," गिताबाई बशीतला चहा संपवत म्हणाल्या.

"पोपनी न्हाई आक्का, पुण्याच्या बिशपनी दिलीय सूट."

"एकच की. तुझ्या रेल्वेसारखं. वर बोर्ड, खाली डिव्हिजन."

वडगाव रासाईहून वांग्यांची पिशवी घेऊन आलेले बबनराव हसले. ते लुकसचे चुलतभाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी बुद्धाला वंदन केलं आणि लुकसच्या वडिलांनी 'आमचं आधीच बदलून झालंय' म्हणून हात जोडले. तेव्हापासून घराण्याचे दोन देव होते, पण जेवणाची पंगत एकच होती.

"आमच्यात बघा," बबनराव म्हणाले. "त्रिसरण, पंचशील, आन् जेवायला बसा. बिशप न्हाई, सूट न्हाई."

"तुमच्यात बी मामाचीच पोरगी बघत्यात," गिताबाई म्हणाल्या.

"बघत्यात. पण बुद्ध मधी पडत न्हाई."

"मग आमचाच का पडतो?" त्या उसळल्या. "आदामाच्या पोरांनी लग्नं कुणाबरं केली? त्यांना कुठल्या बिशपनी कागद दिला?"

लुकस आदामाच्या भानगडीत पडला नाही. तो नाताळ, ईस्टर आणि ड्यूटी नसेल ते रविवार एवढाच ख्रिस्ती असे.

दुपारी दीडला जसिंता ऑफिसातून आली. चप्पल काढता काढता तिची नजर टीव्हीवर गेली. अंतोनी सरळ उभा होता. तिला काही सांगावं लागलं नाही.

"आलं कागूद!" गिताबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "जा, तोंड धू. ती मोरपंखी साडी नेस. बबनदादा, वाचा की जरा मोठ्यानं. पोरीला ऐकू द्या."

पत्र दोन ओळींचं होतं. बबनरावांनी ते संपवलं आणि हेडमास्तर असल्यामुळे मागे जोडलेली अर्जाची प्रतही वाचायला घेतली. लुकसने खुर्चीत चुळबुळ केली. ते पान कुणी वाचेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"'विनंतीची कारणे. मुलीचे वय चोवीस असून ते उलटून चालले आहे.'"

"उलटून?" जसिंता म्हणाली.

"फादर म्हणले, वय जास्त हाय म्हणलं की काम लवकर हुतंय," लुकस पुटपुटला.

"'दौंड हे लहान ठिकाण असल्याने मुलीस अनुरूप कॅथलिक वर मिळणे अवघड आहे. तसेच मुलीचे जवळचे नातलग अन्य धर्माचे असल्यामुळे तिचे लग्न धर्माबाहेर होण्याचा गंभीर धोका...'" बबनरावांनी चष्मा काढला. "गंभीर धोका म्हंजी मी?"

"तुम्ही न्हाई हो दादा," गिताबाई म्हणाल्या. "तुमचा पोरगा, सम्राट."

"सम्राटला दोन पोरं हायती!"

"ते बिशपला कुठं म्हायती?"

बबनरावांना राग यावा की हसू, ते कळेना. शेवटी ते हसलेच. वांगी परत घेऊन जावीत असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि शेवटची ओळ वाचली. "'वधू आणि वर यांचे लहानपणापासून एकमेकांवर निस्सीम प्रेम आहे.'"

जसिंताने तो कागद बबनरावांच्या हातातून घेतला. खाली लुकसची सही होती, ड्यूटीच्या वहीत करतो तशी, लफ्फेदार. वकिलाकडे ती दिवसाला असे दहा अर्ज टाइप करायची. कारणं कशी तयार होतात ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण आजवर त्यांतल्या एकाही अर्जात ती स्वतः नव्हती.

"पप्पा, तुम्ही वाचून सही केली?"

"वाचली गं."

"मला विचारायचं तरी."

लुकसने अंतोनीकडे बघितलं. त्याच्याकडून मदत मिळण्यासारखी नव्हती. जसिंता चार वर्षांची असताना तिची आई गेली, आणि लुकस तर चार-चार दिवस मनमाडच्या नाहीतर सोलापूरच्या वाटेवर. तेव्हा आक्का स्वतःचं घर सोडून, रोहनला घेऊन दोन वर्षं इथं येऊन राहिली होती. त्या आक्काला 'थांब, पोरीला विचारू' असं म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती. हे तो आता मुलीला कसं सांगणार?

"तोंड धू जा," तो एवढंच म्हणाला.

मागच्या अंगणात नळाखाली जसिंता बराच वेळ तोंड धूत राहिली. बबनराव हात धुवायच्या निमित्ताने तिथं आले.

"तुला रोहन नको हाय," ते म्हणाले.

तिने तोंडावरची ओढणी काढली नाही.

"तो कोर्स करून आलीस ना, तवाच मला वाटलं. इतकी पोपची भक्त तू कवापास्नं झालीस?"

"काका, तो भाऊ हाय माझा." ती एकदम बोलली. "मला गोवर निघाला तवा हातपंखा घेऊन बसायचा. एका ताटात जेवलोय. चांगला हाय तो, लई चांगला. पण नवरा म्हणून त्याच्याकडं बघायचं म्हणलं तर मला हसूच येतं, आन् मग रडू येतं."

"दुसरं कोण हाय का?"

"कुणी न्हाई."

"असतं तर सोपं झालं असतं," बबनराव खरोखरच हळहळले. "मग सांगत का न्हाईस?"

"आत्याला? आईचा चेहरा आठवायला गेले तर मला आत्याचाच दिसतो. तिला कोणत्या तोंडानं सांगू? पोप लांब असतो, रोममध्ये. म्हणलं, त्याला काय करणार ती."

"त्याला न्हाई केलं. अंतोनीला केलं." बबनरावांनी पंच्याला हात पुसले. "पोरी, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची तर तो खांदा तरी जागेवर राहायला पायजे. तुझा बिशप हलला."

पावणेचारला रोहन मोटारसायकलवरून थेट चर्चमध्ये आला. रांजणगावच्या फॅक्टरीतून अर्धी सुट्टी टाकून आला होता. गळ्यातलं ओळखपत्र काढायचं राहिलं होतं, पण केस ओले करून विंचरलेले होते. फादरांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर गिताबाई, लुकस आणि बबनराव ओळीने बसले होते. बबनरावांना कुणी बोलावलं नव्हतं. 'गंभीर धोका' म्हणून आपण हजर असावं, असं ते म्हणाले.

आधी रोहनला आत बोलावलं. दहा मिनिटांत तो बाहेर आला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"काय न्हाई गं," तो जसिंताला दारात हळूच म्हणाला. "बायबलवर हात ठेवायचा आन् खरं सांगायचं. लगेच उरकतं."

फादर रेमंड मूळचे मंगलोरचे. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे दौंडात त्यांच्याइतकं शुद्ध मराठी दुसरं कुणी बोलत नसे आणि त्याचा त्यांना फार एकटेपणा वाटे. त्यांनी दार लावून घेतलं, बायबल पुढे सरकवलं आणि छापील कागदावरचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव. स्नानसंस्कार कुठे झाला. आधी लग्न झालं आहे का. जसिंता उत्तरं देत गेली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा विवाह तू स्वखुशीने करत आहेस का? तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का?"

हात बायबलवर होता. हाताखालचं पुठ्ठ्याचं कव्हर घामाने चिकट झालं होतं.

"फादर," ती म्हणाली, "कायद्यात आणखी काही अडचण निघत न्हाई का?"

"अडचण?"

"एखादी. तुम्ही बाहेर जाऊन सांगा ना, की बसत न्हाई म्हणून. तुमचं ऐकतील."

फादरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना बऱ्याच गोष्टी एकदम कळल्या असाव्यात, कारण त्यांनी उठून पंखा वाढवला.

"जसिंता, माझ्यापाशी कायद्याचं एवढं जाड पुस्तक आहे. त्यातलं जे तुझ्या उपयोगाचं होतं, त्याच्यावर बिशपांनी सही करून टाकली. आता 'नाही' म्हणायचं काम चर्चकडे उरलेलं नाही. ते तुझ्याकडे आहे."

"तुम्ही खोटं नका बोलू. नुसतं गोल बोला."

"गोल बोलण्याइतकं माझं मराठी चांगलं नाही," फादर म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी कबूल केलं, "आणि गिताबाईंची मलाही भीती वाटते. तरी तू इथे 'नाही' म्हणालीस, तर मी लग्न लावणार नाही. कारण कुणाला सांगणार नाही. एवढं मी करू शकतो."

तिने डोळे मिटले. "न्हाई," ती म्हणाली. "माझी खुशी न्हाई."

ते बोलायला इतकं कमी लागतं, याचं तिला नवल वाटलं. पण हे ऐकणारा माणूस मंगलोरचा होता. कारेगावची बाई बाहेर बाकावर बसली होती.

फादर स्वतः व्हरांड्यात आले. त्यांनी हात जोडले. "उद्याची घोषणा होणार नाही. हा विवाह मला लावता येणार नाही."

"का?" गिताबाई उठल्या. "बिशपचा कागूद हाय!"

"कागद आहे. तरीही."

"म्हंजी आत कुणीतरी न्हाई म्हणलं. कोण?"

"ते सांगण्याची मला परवानगी नाही."

"दोघंच तर गेले आत! तिसरा कोण, तुमचा शिपाई?"

रोहनचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता ते नुसतंच राहून गेलेलं होतं. त्याने जसिंताकडे बघितलं. ती खाली बघत होती. आपण आत काय सांगितलं ते त्याला माहीत होतं; त्यामुळे बाकीचं समजायला त्याला फार वेळ लागला नाही. तो आईच्या समोर येऊन उभा राहिला.

"मी न्हाई म्हणलो, आई."

फादर रेमंडांनी तोंड उघडलं आणि मिटलं. गिताबाईंनी हातातली पर्स त्याच्या दंडावर हाणली, मग पाठीत, मग परत दंडावर. आतली जपमाळ, चाव्या, व्हिक्सची बाटली, सगळं खुळखुळलं.

"तू? तू न्हाई म्हणलास? गेल्या महिन्यात पलंग बघून आलास ना रं तू!"

"विचार बदलला."

"कोण हाय ती? फॅक्टरीतली?"

"व्हय," रोहन म्हणाला. आता सुरुवात केलीच होती. "फॅक्टरीतली."

जसिंता हे बघत होती. सुटका तिच्या पुढ्यात उभी होती आणि मार खात होती. नुसतं गप्प राहायचं. आत्या चार महिने रोहनशी बोलणार नाही, मग बोलेल. आपल्या लेकावर आई किती दिवस रागावणार? आणि आपण आत्याच्या कुशीत शिरून वर तिचं सांत्वन करायचं. हे इतकं सोयीचं होतं की तिला स्वतःची किळस आली.

"आत्या, त्याला मारू नको. मी न्हाई म्हणलंय."

पर्स हवेत थांबली.

"जसी, गप," रोहन म्हणाला.

"तू गप. आत्या, तो खोटं बोलतोय. त्याची कोण न्हाई फॅक्टरीत. न्हाई मी म्हणलंय. पोपचं मीच पुढं केलं होतं, तुला सांगायचं धाडस न्हाई झालं म्हणून."

गिताबाई बाकावर बसल्या. आक्का बसली म्हणून लुकस उठून उभा राहिला.

"मी काय कमी केलं तुला?" गिताबाईंचा आवाज एकदम लहान झाला होता. "सांग ना. काय कमी पडलं?"

"काहीच न्हाई. म्हणून तर बोलता येईना." जसिंता रडायला लागली, पण थांबली नाही. "आई म्हणून मला तूच म्हायती हाय. मग आईच्या पोराबरं लग्न कसं करू मी?"

"अगं, तू घरी येशील म्हणून तर हे सगळं. परक्याच्या घरी गेलीस म्हंजी संपलं. तुला इथं ठेवून मी कारेगावला परत गेले ना, तवा एस्टीत शिरूरपतूर रडत व्हते मी. मला वाटलं, एकदा सून करून नेली की सुटले."

"आक्का," लुकस म्हणाला. तेवढंच. पण आज त्याने पुढं होऊन बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चूक माझी हाय. मी सही करायच्या आधी पोरीला विचारायला पायजे व्हतं. आपल्यात कुणी कुणाला विचारतच न्हाई."

गिताबाईंनी त्याचा हात झटकला नाही. त्यांनी समोरच्या उघड्या दारातून आत पाहिलं. खुर्ची, टेबल, त्यावरचं बायबल दिसत होतं. मग त्यांनी पदर सारखा केला, उठल्या आणि आत जाऊन त्या खुर्चीत बसल्या.

"फादर, या हिकडं. मला इचारा."

"काय विचारू?"

"हिला इचारलं तेच."

"गिताबाई, ही चौकशी फक्त लग्नाआधी..."

"इचारा म्हणते ना."

फादर आपल्या जागेवर जाऊन बसले. बाकीचे चौघे दारात गोळा झाले. बबनरावांनी टोपी काढली. बुद्धाच्या माणसाने असं करावं की नाही, याचा त्यांनी त्या वेळी विचार केला नाही.

"गिताबाई वाघचौरे," फादर म्हणाले आणि माहेरचं नाव घेतलं, चुकलो असं वाटून थांबले.

"बरोबर हाय. तवा तेच नाव व्हतं. बोला."

"हा विवाह आपण स्वखुशीने करत आहात का? आपल्यावर कुणाचा दबाव आहे का?"

गिताबाईंनी बायबलवर हात ठेवला. लुकसने मान खाली घातली. पुढं काय येणार ते त्याला ठाऊक होतं. आक्काला बळेच दिली, तिचं वाटोळं झालं, असं घरात सगळे दबक्या आवाजात म्हणायचे, आणि तोही इतकी वर्षं तेच धरून बसला होता.

"अठ्ठावीस वर्सं झाली," गिताबाई म्हणाल्या. "तवा परदेशातले गोरे फादर व्हते. त्यांनी असंच इचारलं, आन् मी तोंड उघडायच्या आत आमचे आबा म्हणले, व्हय, राजी हाय. झालं. लिवलं त्यांनी. मला कुणी बोलूच दिलं न्हाई."

"मग," फादरांनी हळूच विचारलं, "आपलं उत्तर काय होतं?"

"व्हय."

लुकसने मान वर केली.

"व्हयच व्हतं. लई आवडायचा रोहनचा बाप मला. शिरूरच्या बाजारात लांबनं बघायचे मी त्याला. पण मी बोललेच न्हाई, म्हणून त्याला जल्मभर वाटत राहिलं की मला बळंच दिली. दारू प्याला की तेच म्हणायचा, तुला मी नको व्हतो. मी न्हाई म्हणायचे, तर त्याला खरं वाटायचं न्हाई. तसाच गेला तो." त्यांनी बायबलवरचा हात काढला नाही. "लिवा, फादर. गिताबाई व्हय म्हणली. आन् त्याच्याखाली पोरीचं लिवा. तिनं तिच्या तोंडानं न्हाई म्हणलंय, तर न्हाईच लिवा."